काळजाच्या भिंतीचे माप

दिवाळीला आठ दिवस राहिले की आमच्या आजोळी माळ्यावरून तेलाचे डबे खाली येत. डबा पत्र्याचा, चौकोनी. वर एवढेसे भोक पाडून त्यात लाकडाची खुंटी ठोकलेली. आत किती तेल उरले आहे हे डोळ्यांनी पाहण्याची सोय नसे. आजी मधले बोट वाकवून डब्याच्या अंगावर वरपासून खालपर्यंत टकटक करीत येई. रिकाम्या भागावर आवाज घुमे, तेलाची पातळी आली की तो एकदम बद्द होई. तिथे कोळशाने रेघ ओढून ती म्हणे, "चकल्या निघतील. चिवड्याला मात्र नवा डबा आणा." तिचा अंदाज चुकल्याचे मला आठवत नाही.

ही आठवण मला दोन वर्षांपूर्वी अगदीच भलत्या ठिकाणी झाली. आमच्या थोरल्या बंधूंना जिना चढताना धाप लागू लागली म्हणून त्यांना घेऊन मी एका तपासणी-केंद्रात गेलो होतो. अंधाऱ्या खोलीत त्यांना डाव्या कुशीवर निजवले, छातीवर गार चिकट मलम फासले, आणि एका तरुण मुलीने दाढीच्या ब्रशाएवढे एक यंत्र त्यांच्या बरगड्यांच्या फटीत टेकवले. समोरच्या पडद्यावर करड्या रंगाचे काहीतरी उघडमीट करू लागले. तिने ते चित्र मध्येच थांबवले, दोन ठिकाणी फुल्या टाकल्या, आणि बाजूला आकडा उमटला : तेरा मिलिमीटर.

बाहेर आल्यावर वहिनींनी कागद माझ्या हातात देऊन विचारले, "तेरा म्हणजे कसे हो भाऊजी? चांगले की वाईट?" मला सांगता आले नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

*

हृदयाच्या चार कप्प्यांपैकी खालचा डावा कप्पा सगळ्यांत कष्टाळू. शाळेच्या पुस्तकात त्याला डावी जवनिका म्हणतात. नाटकातली जवनिका अंकागणिक पडते. ही जन्मभर उघडमीट करते आणि पडली की नाटकच संपते. साऱ्या शरीराला रक्त ढकलायचे काम हिचे. निरोगी माणसात हिची भिंत सहा ते दहा मिलिमीटर जाड असते, म्हणजे पेन्सिलीइतकी किंवा त्याहून थोडी अधिक. रक्तदाब वाढला, किंवा बाहेर जाणारी झडप अरुंद झाली, तर तिला जास्त जोर लावावा लागतो. आणि तालमीत जोर-बैठका काढणाऱ्याचे दंड जसे भरतात तशी ही भिंत भरत जाते. प्रारंभी ही वाढ हृदयाच्या मदतीलाच येते. पुढे मात्र भिंत ताठर होते, नीट सैल पडत नाही, आत रक्त पुरेसे शिरत नाही, आणि वाढलेल्या स्नायूला स्वतःलाच रक्त अपुरे पडू लागते. हे सारे वर्षानुवर्षे निमूटपणे चालते. बंधूंना धाप लागली ती अगदी शेवटची सूचना होती. आधीची पत्रे आम्ही कोणी वाचलीच नव्हती.

ती वाचण्याची विद्या कशी आली, हाच खरा इतिहास आहे. त्याचा पहिला मानकरी आमच्या आजीच्याच पंथाचा निघाला. ऑस्ट्रियातील ग्रात्स गावी १७२२ साली एका खाणावळवाल्याच्या घरी लेओपोल्ड आउएनब्रुगर जन्मला. बापाच्या तळघरात दारूची पिंपे असत आणि ती किती भरली आहेत हे तो ठोकून पाही, असे सांगतात. मुलगा व्हिएन्नात वैद्य झाला आणि रोग्यांच्या छातीवर बोटांनी ठोकू लागला. फुप्फुसाच्या जागी आवाज घुमतो, हृदयाच्या जागी बद्द होतो. तेव्हा बद्द आवाजाची हद्द पसरली तर हृदय वाढले असे समजावे. १७६१ साली त्याने हे एका लहानशा लॅटिन पुस्तकात लिहिले. त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. गृहस्थ मात्र रसिक असावा, कारण पुढे त्याने सालिएरी या संगीतकाराच्या एका संगीतिकेची संहिताही लिहिली. शेवटी १८०८ साली नेपोलियनचा वैद्य कॉर्व्हिझार याने ते पुस्तक विस्तृत टीकेसह फ्रेंचमध्ये आणले आणि युरोपभर ठोकाठोक सुरू झाली. पुढच्याच वर्षी आउएनब्रुगर वारला. सत्तेचाळीस वर्षे वाट पाहून का होईना, त्याला हे दिवस दिसले.

परंतु डबा ठोकून तेल कळते, पत्र्याची जाडी कळत नाही. हृदय मोठे झाले एवढे समजे. ते फुगून मोठे झाले की भिंत जाड होऊन, हे छाती उघडल्याशिवाय कळायला मार्ग नव्हता. आणि छाती उघडायची ती मेल्यावर. लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट याने १८३६ साली मूत्रपिंडाच्या विकाराने दगावलेल्या शंभर रोग्यांची टिपणे छापली. त्यांतल्या कितीतरी जणांची डावी जवनिका जाड झालेली होती, आणि तेही हृदयाच्या झडपा धडधाकट असताना. ब्राइटने तर्क केला की बिघडलेल्या रक्तामुळे बारीक रक्तवाहिन्यांतून वाट काढणे जड जात असावे, म्हणून हृदयाला अधिक जोर करावा लागतो. रक्तदाब मोजण्याचा दंडपट्टा त्यानंतर साठ वर्षांनी, १८९६ साली, इटलीत रिव्हा-रोची याने काढला. म्हणजे रक्तदाब हा शब्द दवाखान्यात येण्यापूर्वी त्याची करणी शवागारात पाहून ठेवलेली होती.

पुढच्या शतकात आणखी दोन साधने आली. रोंटगेनच्या क्ष-किरणांनी १८९५ पासून हृदयाची सावली दाखवली. पण रांजणाच्या सावलीवरून रांजणाची जाडी कशी सांगावी? आइन्थोव्हेनच्या विद्युत्-आलेखाने हृदयातील विजेचे चढउतार कागदावर उतरवले, आणि १९४९ साली सोकोलोव्ह व लायन यांनी त्या रेघांची उंची मोजून जाड भिंत ओळखण्याचा एक नियम बसवला. तो आजही वापरात आहे. परंतु मांडवाबाहेर उभे राहून गलक्यावरून पंगतीत पाने किती मांडली ते ठरवावे, तशातलाच तो प्रकार. गलका मोठा असला तर पंगत मोठी असण्याचा संभव; पण मोठी पंगत गुपचूप जेवत असली तर? आणि यजमान लठ्ठ असला, छातीवर चरबी असली, तर गलका बाहेर पोचतच नाही.

*

आता आपल्याला स्वीडनला जायचे आहे. त्या देशाच्या दक्षिण टोकाला लुंड नावाचे जुने विद्यापीठाचे गाव आहे. १९५० च्या सुमारास तेथील रुग्णालयात इंगे एडलर नावाचे हृदयरोगतज्ज्ञ काम करीत. त्यांच्यापुढची अडचण जाड भिंतीची नव्हती, झडपेची होती. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली मिट्रल झडप चिकटून अरुंद झाली, तर हृदयात बोट घालून ती मोकळी करण्याची शस्त्रक्रिया नुकतीच सुरू झाली होती. पण झडप अरुंद असण्याऐवजी गळकी असेल, तर हीच शस्त्रक्रिया रोग्याच्या जिवावर बेते. दोहोंतला भेद बाहेरून हमखास सांगता येत नसे. एखाद्या डॉक्टराला यामुळे रात्री झोप लागत नसेल तर त्यात नवल नाही.

त्याच विद्यापीठात कार्ल हेलमुट हर्ट्झ हा तरुण पदार्थवैज्ञानिक होता. हे घराणेच विलक्षण. ज्याच्या नावाने आपण ध्वनीची आणि रेडिओची कंपने मोजतो, तो हाइनरिख हर्ट्झ याच्या आजोबांपैकी. बाप गुस्टाव्ह हर्ट्झ १९२५ चा नोबेल पारितोषिक विजेता. ज्यू वंशाच्या रक्तामुळे हिटलरच्या राज्यात बापाची प्राध्यापकी गेली, मग त्याने सीमेन्स कंपनीच्या प्रयोगशाळेत आसरा घेतला आणि युद्धानंतर तो रशियात गेला. मुलगा जर्मन सैन्यात भरती झाला, अमेरिकनांच्या कैदेत पडला, आणि सुटल्यावर स्वीडनमध्ये येऊन स्थिरावला. युद्धाने माणसे अशी वाऱ्यावर उडवली की कोण कुठे जाऊन पडेल याचा नेम नव्हता. हा लुंडला पडला हे आपले भाग्य.

एडलरनी त्याला विचारले, "रडारने विमान दिसते, तसे हृदय दिसणार नाही का?" हर्ट्झ म्हणाला की रडारने नाही, पण ध्वनीने जमावे. कानाला न ऐकू येणारा, सेकंदाला लाखो कंपनांचा ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपायचा; महायुद्धात पाणबुड्या शोधायला हीच युक्ती वापरलेली होती. शरीराच्या मऊ भागांतून ध्वनी सेकंदाला सुमारे १५४० मीटर धावतो. दहा सेंटिमीटर आत जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा पावणेआठ हजारावा भाग पुरतो. तेवढा वेळ मोजता आला की खोली कळली. यात गूढ काही नाही. डोंगराकडे तोंड करून ओ देणाऱ्या गुराख्यालाही कडा किती दूर आहे हे असेच समजते.

यंत्र मात्र कुठून आणायचे? माल्म्यो बंदरात कोकुम्स ही जहाजे बांधणारी कंपनी होती. पोलादाच्या पत्र्यात आत कुठे चीर आहे काय, हे पाहायला तिच्याकडे असे एक यंत्र होते. १९५३ च्या मे महिन्यात हर्ट्झ तिकडे गेला आणि जहाजाच्या पत्र्याला लावायचे ते यंत्र त्याने स्वतःच्या छातीला लावले. आतून प्रतिध्वनी आला, आणि तो हृदयाच्या ठोक्याबरोबर मागेपुढे हलत होता. पुढे वडिलांच्या जुन्या ओळखीने सीमेन्सकडून असेच एक यंत्र उसने मिळाले. त्यावर २९ ऑक्टोबर १९५३ या दिवशी दोघांनी हृदयाच्या हलत्या भिंतींचा पहिला आलेख सरकत्या फिल्मवर उतरवला.

त्या आलेखात चित्र असे नव्हते. नुसत्या नागमोडी रेघा होत्या. प्रत्येक रेघ म्हणजे आतला एकेक पृष्ठभाग. पण कुठली रेघ कशाची, हे कोण सांगणार? सर्वांत ठळक आणि सर्वांत चपळ जी रेघ होती, ती एडलरनी प्रथम डाव्या कर्णिकेच्या पुढच्या भिंतीची म्हणून धरली. ती ओळख चुकीची होती. आणि चूक कशी उमगली ते ऐकताना अंगावर काटा येतो. अखेरच्या घटका मोजणाऱ्या काही रोग्यांच्या छातीवर एडलर ध्वनीची जागा आणि रोख यांची खूण करून ठेवीत. माणूस गेल्यावर त्याच रोखाने बर्फ फोडायच्या टोच्यासारखी अणकुचीदार सळई आत घालीत, आणि मग शवविच्छेदनात ती कशातून गेली आहे ते पाहत. ती मिट्रल झडपेच्या पुढच्या पडद्यातून गेलेली आढळली. ज्या झडपेसाठी हा सारा खटाटोप मांडला, तिचीच रेघ इतके दिवस समोर नाचत होती!

मला या गोष्टीत एडलरांचा मोठेपणा शोधाइतकाच चूक तपासून घेण्यात दिसतो. आणि एक दुसरी गोष्टही दिसते. जिवंत हृदय पाहण्याची विद्या निघाली खरी, पण तिची साक्ष अजून मेलेल्या माणसाकडूनच घ्यावी लागत होती. ही साक्ष पुढेही सुटली नाही.

सर्व जगाने लगेच टाळ्या पिटल्या असे समजू नये. नळी घालून हृदयाचा दाब मोजण्याच्या पद्धती जोरात होत्या. त्यापुढे या नागमोडी रेघा म्हणजे पोरखेळ वाटला. एडलर १९६० साली रोमच्या युरोपीय परिषदेत आपला चित्रपट दाखवून आले. हर्ट्झ हळूहळू दुसऱ्याच नादी लागला : शाईचे बारीक तुषार उडवून कागदावर छपाई करण्याच्या. आज घरोघरी जी छपाईची यंत्रे आहेत त्यांच्या वंशावळीत त्याचे नाव सापडते. अमेरिकेतील लास्कर पारितोषिक दोघांना मिळाले ते १९७७ साली, पहिल्या आलेखानंतर चोवीस वर्षांनी.

*

जाड भिंतीची कथा पुढे सरकली ती अमेरिकेत, इंडियानापोलिस शहरी. तेथील हार्वे फायगेनबॉम हा तरुण डॉक्टर १९६३ साली एका जाहिरातीला भुलला. हृदयाचे आकारमान ध्वनीने मोजणारे यंत्र विकायला आहे, असे तीत म्हटले होते. लॉस एंजेलिसच्या परिषदेत जाऊन पाहतो तो जाहिरात थापच निघाली. परंतु ते यंत्र छातीला लावताच त्याला एक हलता प्रतिध्वनी दिसला, आणि तो हृदयाच्या मागच्या भिंतीचा असावा असे त्याच्या मनाने घेतले. घरी परतल्यावर त्याच्या कानावर आले की आपल्याच रुग्णालयात मेंदूच्या विभागात असले एक यंत्र धूळ खात पडले आहे. गंमत अशी की मेंदूसाठी ही यंत्रे निघाली तीही लुंडमुळेच. तेथील शस्त्रवैद्य लार्स लेक्सेल याने १९५३ च्या डिसेंबरात एडलर-हर्ट्झ यांचेच यंत्र उसने घेऊन एका मुलाच्या डोक्याला लावले होते. उसनवारीने इतके पुण्य क्वचितच पदरात पडले असेल.

फायगेनबॉम व त्याच्या सहकाऱ्यांनी १९६८ साली डाव्या जवनिकेच्या भिंतीची जाडी ध्वनीने मोजून प्रसिद्ध केली. भिंतीची आतली कड नेमकी कुठली, याचा घोळ होताच. तो त्यांनी मजेदार रीतीने सोडवला. हृदयात नळीतून हिरव्या रंगद्रव्याचे इंजेक्शन दिले की त्याबरोबर आलेले सूक्ष्म बुडबुडे आलेखावर ढगासारखे उमटत. ढग जिथे संपला तिथे पोकळी संपली आणि भिंत लागली.

आता जाडी कळली. पण स्नायूचे वजन? १९७७ साली फिलाडेल्फियात रिचर्ड डेव्हरो आणि नॅथॅनियल राइचेक यांनी त्याचे गणित मांडले. जवनिका अंड्याच्या आकाराची आणि रुंदीच्या दुप्पट लांबीची मानली, तर तिचे घनफळ रुंदीच्या घनाइतके भरते. मधला पडदा, पोकळी आणि मागची भिंत या तिघांची बेरीज करून तिचा घन काढायचा. त्यातून नुसत्या पोकळीचा घन वजा करायचा. उरला तो स्नायू. हृदयाचा स्नायू घनसेंटिमीटरला १.०४ ग्रॅम, त्याने गुणले की वजन आले. नारळाच्या बाहेरच्या मापातून आतल्या पोकळीचे माप वजा करून खोबरे किती हे सांगण्यासारखे हे आहे. पण नारळ फोडून पाहिल्याशिवाय गणितावर कोण विश्वास ठेवणार? त्यांनी चौतीस माणसांच्या हयातीत घेतलेले आलेख काढले, आणि त्याच माणसांची हृदये मृत्यूनंतर तराजूत घातली. गणित आणि तराजू बरेचसे जुळले. १९८६ साली शवविच्छेदनाशी पुन्हा ताडून त्यांनी सूत्राला एक दुरुस्ती केली : आलेल्या उत्तराला ०.८ ने गुणावे आणि ०.६ मिळवावे. दवाखान्यात आजही हेच सूत्र बहुधा चालते. तेव्हा तपासणीच्या कागदावर हृदयाचे वजन छापलेले दिसते, त्यामागे काही अनामिक मंडळी उभी आहेत, ज्यांनी आपले हृदय तराजूत ठेवू दिले.

वाचकांना हिशेबाचा कंटाळा नसेल तर एक उदाहरण करून पाहू. पोकळी पाच सेंटिमीटर आणि दोन्हीकडची भिंत एकेक सेंटिमीटर. बेरीज सात, साताचा घन ३४३, पाचाचा १२५, वजाबाकी २१८. सूत्रात घातले की वजन येते १८२ ग्रॅम. आता दोन्ही भिंती फक्त एकेक मिलिमीटरने वाढवा. वजन २०७ ग्रॅम! पुरुषाच्या अंगाच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे ११५ ग्रॅमपर्यंत वजन ठीक मानतात, स्त्रीच्या बाबतीत ९५. मध्यम चणीच्या माणसाचे अंग १.७ चौरस मीटर धरले, तर पहिला माणूस १०७ वर राहून सुटतो आणि दुसरा १२२ वर जाऊन अडकतो. मिलिमीटर म्हणजे पोस्टकार्डाच्या तीन-चार घड्या. तेवढ्यावर एक जण निरोगी आणि दुसरा रोगी.

येथे हात चुकण्याला किती जागा आहे पाहा. काकडी सरळ कापली तर चकती वाटोळी आणि लहान. सुरी तिरकी धरली की तीच चकती लांबट आणि मोठी. ध्वनीचा किरण भिंतीवर काटकोनात न पडता तिरका पडला, की निरोगी भिंतही जाड दिसते. बरगड्या आड येतात, फुप्फुसातली हवा ध्वनी अडवते, हृदय तर क्षणभर स्वस्थ बसत नाही. आणि चूक झाली की ती घनाने वाढते. १९७० नंतरच्या दशकात एका किरणाच्या जागी किरणांचा पंखा आला आणि पडद्यावर हृदयाचा हलता छेद दिसू लागला, ज्याला आपल्याकडे सर्रास 'टू-डी एको' म्हणतात. त्यामुळे रोख धरणे पुष्कळ सोपे झाले, पण फुली टाकणारा हात माणसाचाच राहिला. चुंबकाच्या यंत्राने आता याहून बिनचूक माप निघते; ते खर्चाचे काम असते आणि सगळीकडे मिळत नाही.

*

एवढी उठाठेव करून फायदा काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर फ्रेमिंगहॅम या अमेरिकेतील लहानशा गावाने दिले. तेथे १९४८ पासून ५२०९ माणसांच्या प्रकृतीची नोंद ठेवली जाऊ लागली, पुढे त्यांच्या मुलांचीही. त्यांतल्या चाळिशी उलटलेल्या आणि हृदयविकाराचे नाव नसलेल्या ३२२० स्त्री-पुरुषांची हृदये ध्वनीने मोजली आणि चार वर्षे वाट पाहिली. १९९० साली निकाल छापला. उंचीच्या मानाने हृदयाचे वजन मीटरमागे ५० ग्रॅमने वाढले, की मरणाचा धोका पुरुषांत सुमारे दीडपट आणि स्त्रियांत दुप्पट होत होता. आणि तोही वय, रक्तदाब वगैरे गोष्टी हिशेबात धरून. म्हणजे ही भिंत म्हणजे रक्तदाबाची नुसती सावली नव्हे. ती वर्षानुवर्षांच्या सोसण्याची वही आहे. दवाखान्यात दंडाला पट्टा बांधतो तो त्या घटकेचा दाब सांगतो. भिंत मागची सगळी बाकी सांगते. उपचाराने ती पुन्हा पातळ होऊ शकते, आणि ज्यांची होते त्यांना पुढे त्रास कमी होतो, हेही नंतरच्या पाहण्यांत आढळले.

पण प्रत्येक जाड भिंत रक्तदाबाची नसते. लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयातील डोनाल्ड टीअर यांनी १९५८ साली आठ तरुण माणसांच्या हृदयांचे वर्णन केले. बहुतेक जण एकाएकी गेलेले. त्यांची भिंत सगळीकडून सारखी जाड नव्हती. मधला पडदाच वेडावाकडा वाढला होता. पुन्हा तेच : ओळख पटली ती शवविच्छेदनाच्या टेबलावर. मात्र १९७३ साली बेथेस्डा येथील हेन्री, क्लार्क आणि एपस्टाइन यांनी हा पडदा मागच्या भिंतीच्या निदान १.३ पट जाड असतो, असे जिवंत माणसांत ध्वनीने दाखवले, आणि मग रोग्याच्या भावंडांनाही वेळीच तपासणे शक्य झाले. कारण हा रोग घराण्यातून उतरतो. आपल्या देशाचा त्याशी एक संबंध आहे. हृदयस्नायूतील एका प्रथिनाच्या जनुकात पंचवीस अक्षरे गळालेली असण्याचा दोष भारतीय उपखंडात शंभरांतल्या सुमारे चार जणांत आढळतो, असे हैदराबादच्या कुमारसामी थंगराज आदी शास्त्रज्ञांनी २००९ साली प्रसिद्ध केले. ज्याच्यात हा दोष आहे तो आजारी पडतोच असे मुळीच नाही. पण आमच्या घराण्यात कोणी तरुणपणी एकाएकी गेले का, हा डॉक्टरांचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये हे मात्र खरे.

याच्या उलट टोकाला खेळाडू. इटलीत पेलिक्किया यांनी ९४७ नामांकित खेळाडूंची हृदये मोजून १९९१ साली निकाल दिला : तेरा मिलिमीटर किंवा त्याहून जाड भिंत फक्त सोळा जणांची, आणि त्यांतले पंधरा होडी वल्हवणारे! मग ही ताकद की रोग? हे ठरवण्याची एक साधी रीत अमेरिकेतील बॅरी मॅरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वापरली. १९८८ च्या सोल ऑलिंपिकनंतर सहा वल्हेकऱ्यांना सराव बंद करून स्वस्थ बसायला लावले. काही आठवड्यांनी मोजले, तो सरासरी चौदाच्या घरातली भिंत साडेदहावर आलेली. कष्टाने वाढलेली भिंत विश्रांतीने उतरली. रोगाची असती तर अशी उतरली नसती.

आमचे बंधू वल्हेकरी नाहीत. त्यांनी उभ्या आयुष्यात छत्रीपलीकडे काही उचललेले नाही. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, तो १७० वर १०० निघाला. किती वर्षे तसा होता कोण जाणे. कधी मोजलाच नव्हता. "डोके दुखत नाही, मग दाब कसला?" हे त्यांचे जुने पालुपद. गोळ्या सुरू झाल्या, मीठ तुटले, लोणच्याची बरणी वहिनींनी वरच्या फळीवर चढवली.

दीड वर्षाने गेल्या श्रावणात पुन्हा त्याच केंद्रात गेलो. या वेळी मुलगी दुसरी होती. "श्वास सोडा. आता रोखा," ती म्हणाली. चित्र थांबले, फुल्या पडल्या, आकडा उमटला : अकरा.

वहिनींनी विचारायच्या आधीच मी त्यांना सगळे समजावून सांगितले. भिंत उतरली हे बहुतेक खरेच आहे, पण दोन मिलिमीटरांतला एखादा मिलिमीटर तिरक्या काकडीचाही असू शकेल, हेही सांगितले. बंधू ऐकत होते. काकडीचे नाव निघताच त्यांनी आशेने वर पाहिले.

"काकडी सरळ कापीन नाहीतर तिरकी," वहिनी म्हणाल्या, "मीठ काही मिळायचे नाही."